क्लोरीन वाढवण्याआधी तुरटीकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रसायनशास्त्रातली पदवी घेऊन तुम्ही एका लहान जलशुद्धीकरण केंद्रावर नुकतेच रुजू झालात. पावसात नदीचं पाणी गढूळ झालं की तुम्ही तुरटी वाढवता, तरी ते नीट निवळत नाही. मग खबरदारी म्हणून क्लोरीन वाढवता आणि लोक वासाची तक्रार घेऊन येतात. पुस्तकात तुरटी, निवळण, गाळण आणि निर्जंतुकीकरण एकापाठोपाठ एक दिलेलं आहे. यातलं खरं महत्त्वाचं कोणतं, आणि शेवटी क्लोरीन भरपूर असेल तर आधीचं थोडं कमीजास्त झालेलं चालतं का, असं तुम्ही विचारता.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते लोकांच्या जिवाशी निगडित आहे: चालत नाही. क्लोरीन ज्या जंतूपर्यंत पोचतो, त्यालाच मारतो. मातीच्या कणाला चिकटलेला किंवा शेवाळाच्या गुठळीत अडकलेला जंतू त्याच्या हाती लागत नाही. शिवाय पाण्यातला सेंद्रिय गाळच बराचसा क्लोरीन संपवून टाकतो. आणि काही जंतू असे आहेत, की क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचूनही उपयोग होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पाण्यात जाड कवचाच्या रूपात असतो आणि नेहमीच्या डोसला तो दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात यानेच सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तिथलं पाणी गाळलेलं होतं, क्लोरीनही दिलेला होता. पण त्या दिवसांत एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या शुद्ध पाण्याचा गढूळपणा नेहमीपेक्षा वर गेला होता. गढूळपणाचा तो वर गेलेला आकडा हाच इशारा होता.

म्हणजे असे जंतू मारायचे नसतात, अडवायचे असतात. आता ते अडतात कसे, हे समजलं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

नव्या माणसाला वाटतं की रेतीचा फिल्टर म्हणजे बारीक चाळणी. तसं नाही. आपल्या फिल्टरमधली रेती साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, आणि तिच्या कणांमधल्या पोकळ्या शंभर मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्रिप्टोस्पोरिडियम असतो ४ ते ६ मायक्रॉनचा, जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा, आणि विषाणू त्याच्याही कितीतरी पट लहान. चाळणी म्हणून पाहिलं तर हे सगळे त्या पोकळ्यांतून आरामात निघून जातील. तरी चांगला चाललेला फिल्टर त्यांना थोपवतो, कारण वळणावळणाने खाली जाताना ते रेतीच्या कणावर आपटतात आणि चिकटतात. चिकटतात ही यातली कळीची गोष्ट. ती त्यांनी करावी की नाही, हे फिल्टरमध्ये ठरत नाही. ते आधीच, तुरटी पाण्यात पडते त्या क्षणी ठरलेलं असतं. म्हणून मला एकच टप्पा निवडायला सांगितलात तर मी तुरटीचा निवडेन. इतकी वर्षं केंद्रं चालवल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे, आणि तुमची अडचणही बहुतेक तिथेच आहे.

गढूळ पाणी नुसतं ठेवलं तर निवळणार नाही का? वाळूचा एक दशांश मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. दहा मायक्रॉनचा मातीचा कण त्याच अंतराला सुमारे तीन तास घेतो. एक मायक्रॉनचा कण मात्र बारा-तेरा दिवस घेईल, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. कणाचा आकार दहापट कमी झाला की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो, असा हा हिशेब आहे. त्याहून बारीक कण, ज्यांना कलिल म्हणतात, ते तर बुडतच नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम धन भाराचं असतं. ते पाण्यात पडताच या कणांचा भार मारून टाकतं, आणि डोस पुरेसा असेल तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा मऊ, चिकट साका तयार होऊन कणांना आपल्यात गुरफटून घेतो. आपण ज्याला फ्लॉक म्हणतो तो हाच.

पण तुरटी पाण्याशी अभिक्रिया करताना आम्लही तयार करते, आणि हे आम्ल पचवायला पाण्यात अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारण्याची क्षमता, लागते. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आता तुमच्या पुराच्या पाण्याचा विचार करा. पावसाचं पाणी मिसळल्याने गढूळपणा वाढलेला असतो, पण त्याच पावसाने अल्कलिनिटी मात्र पातळ झालेली असते. समजा कच्च्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कलिनिटी उरली आहे, आणि गढूळपणा पाहून तुम्ही ६० मिलिग्रॅम तुरटी दिलीत. सगळी अल्कलिनिटी संपली. पीएच घसरला. तुरटी चांगलं काम करते साधारण ६ ते ७.५ या पीएचला. त्याच्या बरंच खाली गेलं की ॲल्युमिनियमचा साका होतच नाही, ते विरघळलेल्या अवस्थेतच राहतं. फ्लॉक बारीक, धुरकट, न बसणारा दिसतो. ऑपरेटर म्हणतो तुरटी कमी पडतेय, आणि अजून टाकतो. पीएच अजून खाली जातो.

हे विरघळलेलं ॲल्युमिनियम फिल्टरमधून सरळ पार होतं. पुढे चुना देऊन पीएच वर आणला की वितरणाच्या नळांत ते साका होऊन बसतं. शुद्ध पाण्यात ॲल्युमिनियम मोठ्या केंद्रांनी लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत आणि लहान केंद्रांनी ०.२ मिलिग्रॅमपर्यंत राखावं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. तुमच्याकडे तपासणीची सोय असेल तर गढूळ पाण्याच्या दिवसांत हा आकडा जरूर काढा. तो वर असेल तर दोष तुरटीच्या प्रमाणात कमी आणि पीएचमध्ये जास्त असतो.

उपाय सोपा आहे: तुरटीसोबत चुना. दर मिलिग्रॅम तुरटीला विरलेला चुना एक तृतीयांश मिलिग्रॅमच्या थोडा वर लागतो, पण तो सगळ्या तुरटीसाठी नाही. पाण्यातली अल्कलिनिटी जेवढी कमी पडते आणि शेवटी थोडी शिल्लक राहायला हवी, तेवढ्यापुरताच. दुसरा मार्ग पीएसीचा, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडचा. त्यात आम्लाचा काही भाग कारखान्यातच मारलेला असतो, त्यामुळे अल्कलिनिटी कमी खर्च होते. फेरिक क्लोराइड तुरटीपेक्षा बऱ्याच रुंद पीएच पट्ट्यात काम करतं, पण तेही अल्कलिनिटी खातं आणि त्याची टाकी-पाइप गंजू नयेत म्हणून जपावं लागतं.

याची उलट चूकही होते. पीएच ठीक आहे, पण तुरटी फार झाली, तर कणांवरचा ऋण भार जाऊन धन भार येतो, आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ पाणी हे समीकरण खरं नाही.

तुमच्या पाण्याला नेमका किती डोस, हे कोणतंही कोष्टक सांगू शकत नाही. ते जार टेस्टच सांगते. एक-एक लिटरचे सहा जार घ्या, वाढत्या क्रमाने डोस द्या, एक मिनिटभर, मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं मिनिटाला २५-३० फेऱ्यांनी हळू, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. हे तुम्ही कॉलेजातही केलं असेल. बहुतेक केंद्रांत न होणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक जारचा शेवटचा पीएच मोजणं. गढूळपणाच्या आकड्याशेजारी पीएचचा आकडा लिहिलात, की चुना कमी पडतोय की तुरटी, हे पाच मिनिटांत कळतं. शक्य असेल तर वरचं निवळलेलं पाणी फिल्टर पेपरमधून गाळून पुन्हा मोजा. कधी कधी एखाद्या जारमधला फ्लॉक दिसायला लहान असतो, पण गाळल्यावर तेच पाणी सगळ्यांत स्वच्छ निघतं. आपल्याला शेवटी फिल्टरमधून निघणारं पाणी हवं आहे. पुरात ही टेस्ट दिवसातून एकदा करून भागत नाही. नदी दोन-तीन तासांत बदलते.

जारमध्ये जमलं आणि प्लांटमध्ये नाही जमलं, तर मिसळण्याकडे बघा. तुरटीची अभिक्रिया सेकंदाच्या भागात ते काही सेकंदांत उरकते. तेवढ्यात ती सगळ्या पाण्यात पोचली नाही, तर काही पाण्याला जास्त आणि काहीला शून्य मिळते. एका केंद्रावर तुरटीची नळी चॅनेलच्या कडेला, खळाळ संपल्यावर सोडलेली होती. ती आम्ही काही फूट मागे नेली, जिथे पाणी उंबऱ्यावरून कोसळतं तिथे, आणि नळीला भोकं पाडून द्रावण पूर्ण रुंदीवर पसरवलं. डोस न वाढवता निवळण सुधारली. खर्च जवळजवळ काहीच नव्हता. त्यानंतर मात्र उलट वागायचं. फ्लॉक वाढत असताना वीस-तीस मिनिटं पाणी हळुवार फिरवायचं, आणि पुढे पुढे अजून हळू. वेगाने फिरवून तुटलेला फ्लॉक पुन्हा पहिल्यासारखा जुळत नाही. म्हणून मधल्या पाइपांत आणि गेटांत पाणी आदळू देऊ नका.

निवळण टाकीबद्दल एवढंच सांगतो की तिचं काम खोलीपेक्षा क्षेत्रफळावर चालतं. ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ मध्येच हे दाखवून दिलं होतं. आडव्या टाकीत तिरप्या नळ्या बसवल्या की त्याच जागेत बसण्याचं क्षेत्र वाढतं, ते याच तत्त्वावर. साचलेला गाळ वेळेवर काढा, नाहीतर तो सडून वर येतो.

फिल्टरकडे येतो. त्याची ताकद ज्यांना पाहायची त्यांनी १८९२ चं जर्मनीतलं हॅम्बर्ग आठवावं. एल्ब नदीचं पाणी न गाळता पिणाऱ्या त्या शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांहून जास्त माणसं गेली. शेजारचं आल्टोना तर हॅम्बर्गच्या खालच्या अंगाला, त्याचं सांडपाणी मिसळलेल्या नदीतून पाणी घेत होतं, पण संथ वाळू फिल्टरमधून गाळून. तिथे साथ फार कमी पसरली. तेव्हा पाण्यात क्लोरीन देण्याची पद्धत सुरूही झाली नव्हती. संथ फिल्टरमध्ये वाळूच्या वरच्या थरावर जिवंत पापुद्रा तयार होतो आणि पाणी तासाला १०-२० सेंटिमीटर एवढ्या धीम्या गतीने उतरतं, त्यामुळे तुरटीशिवाय त्याचं भागतं. तुमचा जलद फिल्टर तासाला पाच-सहा मीटरने चालतो. त्याला हा पापुद्रा नाही. त्याचं सगळं भवितव्य तुरटीवर अवलंबून.

जलद फिल्टरमध्ये सर्वांत धोक्याचा काळ बॅकवॉशनंतरची, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून फिल्टर धुतल्यानंतरची, पहिली पंधरा ते तीस मिनिटं. धुतलेली रेती अजून कण पकडायला तयार झालेली नसते, आणि सैल झालेली घाण वरच्या पाण्यात असते. हे पहिलं पाणी साठवण टाकीत जाऊ देऊ नका, वाया घालवा किंवा प्लांटच्या सुरुवातीला परत फिरवा. पाण्याची टंचाई असली की यावरच पहिला घाव पडतो, म्हणून आग्रहाने सांगतो. तसंच चालू फिल्टरचा वेग एकदम वाढवू नका. एक फिल्टर धुवायला बंद केला आणि त्याचा भार बाकीच्यांवर झटक्याने पडला, की त्यांत अडकलेले कण सुटून खाली येतात. आणि गढूळपणा प्रत्येक फिल्टरचा वेगळा मोजा. सगळ्यांचं एकत्र पाणी मोजलं तर एक बिघडलेला फिल्टर चार चांगल्यांच्या आड लपतो.

आता क्लोरीन. पाण्यात तो दोन रूपांत असतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. जंतू मारण्यात पहिलं दुसऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी सरस आहे. पीएच ७ ला तीन चतुर्थांशाहून जास्त क्लोरीन या चांगल्या रूपात असतो, आणि पीएच ८ ला जेमतेम पाव. म्हणजे डोस तोच, क्लोरीनचा आकडाही तोच, पण ताकद तिसऱ्या हिश्श्यावर. पाइप गंजू नयेत म्हणून शेवटी चुना देत असाल, तर तो शक्यतो क्लोरीनचा संपर्ककाळ, म्हणजे क्लोरीनला पाण्यात काम करायला दिलेला वेळ, पूर्ण झाल्यावर द्या. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी: पीएच ८ च्या खाली, किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (म्हणजे अमोनियासारख्या कशाशीही न जुळलेला) शिल्लक, आणि गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत. ही ३० मिनिटं टाकीचं आकारमान भागिले प्रवाह अशी कागदावर काढू नका. आडभिंती नसलेल्या टाकीत पाण्याचा काही भाग आत येतो तो थेट बाहेरच पडतो, आणि त्याला त्या वेळेचा लहानसा अंशच मिळतो.

वासाची तक्रार इथे समजून घ्या. तीव्र, नाकाला झोंबणारा वास बहुधा मुक्त क्लोरीनचा नसतो. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइनं बनतात. त्यातलं पहिलं, मोनोक्लोरामाइन, फार वास देत नाही. क्लोरीन वाढवत गेलं की डाय आणि ट्रायक्लोरामाइन तयार होतात, आणि वास त्यांचा असतो. अजून वाढवलं की अमोनिया पूर्ण जळून जातो आणि त्यानंतर मुक्त क्लोरीन उरायला लागतो. हा ब्रेकपॉइंट. हिशेबाने १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.६ मिलिग्रॅम क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात दहाच्या आसपास धरावा. तुम्ही बहुतेक मध्येच अडकला आहात: वास येण्याइतका क्लोरीन दिला, पण पार होण्याइतका नाही. डीपीडी किटने, म्हणजे क्लोरीनला गुलाबी रंग देणाऱ्या रसायनाच्या किटने, मुक्त आणि एकूण, दोन्ही क्लोरीन मोजा. एकूण बराच जास्त आणि मुक्त नगण्य असेल, तर हेच चाललं आहे. अशा वेळी फक्त एकूण क्लोरीनच्या आकड्यावर विसंबणं घातक, कारण क्लोरामाइनं जंतू फार सावकाश मारतात. आणि अमोनिया अचानक वाढला असेल, तर तो कुठून आला ते शोधायला नदीकाठाने चालत जा. बहुतेकदा वरच्या अंगाला सांडपाणी मिसळलेलं आढळतं.

वास मातकट असेल तर गोष्ट वेगळी. तो शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांनी सोडलेल्या द्रव्यांचा असतो आणि क्लोरीनने जात नाही. त्याला सक्रिय कोळशाची पूड लागते. ती कच्च्या पाण्यात, क्लोरीनपासून लांब द्या, कारण कोळसा क्लोरीनही खाऊन टाकतो.

गढूळ कच्च्या पाण्यातच भरपूर क्लोरीन देण्याची सवय असेल तर ती मोडा. पाण्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्याच्या द्रव्यांशी क्लोरीन जुळून ट्रायहॅलोमिथेनं बनतात, आणि ती दीर्घकाळ पोटात जाणं आरोग्याला घातक मानलं जातं. १९७४ मध्ये योहानेस रूक या डच रसायनतज्ज्ञाने रॉटरडॅमच्या पाण्यात हे दाखवलं. तीच द्रव्यं आधी तुरटीने काढली आणि क्लोरीन फिल्टरनंतर दिला, तर ही भानगड मुळातच कमी होते. पण या भीतीने निर्जंतुकीकरण कमी करणं मला कधीही मान्य होणार नाही. जंतूंचा धोका आजचा आणि फार मोठा आहे.

अतिनील दिवे आणि ओझोन यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. अतिनील किरण क्रिप्टोस्पोरिडियमवर क्लोरीनपेक्षा कितीतरी परिणामकारक आहेत, पण पाणी नळात गेल्यावर पुढे राखण करायला त्यांचं काही उरत नाही. त्यामुळे क्लोरीन तरीही लागतोच. आणि गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही, म्हणजे पुन्हा तुरटीच.

ही सगळी साखळी पाण्यात तरंगणाऱ्या गोष्टींसाठी आहे. विरघळलेल्या क्षारांना, नायट्रेटला, फ्लोराइडला ती फारशी हात लावत नाही. नायट्रेटसाठी आयन विनिमय किंवा आरओ लागतं, आणि पाणी उकळलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. आर्सेनिकची गोष्ट थोडी वेगळी आहे. भूजलात ते बऱ्याचदा विद्युतभार नसलेल्या रूपात असतं, म्हणून लोहाच्या साक्याला चिकटत नाही. आधी क्लोरीनने त्याचं ऑक्सिडीकरण केलं की मग फेरिकच्या फ्लॉकबरोबर ते चांगलं निघतं. म्हणजे तिथे क्रम उलटा, आधी क्लोरीन.

उद्यापासून कच्च्या पाण्याच्या नोंदवहीत गढूळपणाशेजारी अल्कलिनिटीचा रकाना आखा आणि पाऊस असेल तेव्हा दर दोन तासांनी तो भरा. तुरटीचा डोस ठरवताना त्याची निम्मी संख्या अल्कलिनिटीतून वजा करा. उरलेला आकडा वीसच्या खाली जात असेल, तर तुरटीचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी चुन्याची टाकी कालवायला सांगा. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर प्रत्येक नव्या पोत्यातला उपलब्ध क्लोरीन स्वतः मोजा. ताज्या पावडरीत तो ३० टक्क्यांच्या वर असतो, पण दमट खोलीत पडलेल्या पोत्यात निम्माही उरलेला नसतो. आठवडाभराचे आकडे जमले की जार टेस्टच्या नोंदींसह इथेच टाका, मी बघेन.